धुराडं आढ्याच्या वर गेलंय का, ते आधी बघा

सुधारित चूल बसवून गेलेल्या माणसानं आमचा फोन उचलणं बंद केलं आणि गावात सांगत सुटला, "चूल चांगलीच आहे, त्यांच्या बाईला पेटवता येत नाही." लग्न झाल्यापासून चुलीपुढं बसलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. म्हणून लिहिते आहे.

सुधारित चूल खोटी नाही. १९८३ पासून सरकारनं ती गावोगाव नेली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं साच्यातून घडवायच्या चुलींवर किती काम केलं! साध्या चुलीत जळणाची साधारण दहा टक्के ऊबच भांड्याला लागते. नीट बांधलेलीत त्याच्या दुपटीनं लागू शकते. धूर म्हणजे तरी काय, न जळता निसटलेलं जळणच. सिलिंडर आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, म्हणून आम्ही हौसेनं पैसे मोजले.

गडहिंग्लजचा पाऊस लागला आणि धूर उलटा घरात. सासूबाईंचा खोकला थांबेना. त्या माणसाला कसंबसं बोलावलं, तर दारातूनच म्हणाला, "जळण ओलं असणार." मी वाळक्या बाभळीच्या ढलप्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या बघितल्यासुद्धा नाहीत.

शेवटी गळकी कौलं बघायला एक जण वर चढला आणि तिथनंच ओरडला, "वैनी, हे धुराडं आढ्याच्या वर आलंयच कुठं!" पाइप आढ्याच्या खालीच संपलेला. वारा आढ्यावरून उतरायचा तो थेट पाइपात. मी खाली उभी होते, माझा जीव जळत होता. एवढे दिवस दोष माझ्या हातांना! मग पाइप काढला. आत काजळी दाटलेली, आणि ती काढायला झाकण ठेवलेलंच नाही. वैलाखाली आडोसा नसल्यानं जाळ भांड्याला न लागता सरळ पाइपात पळत होता.

आता ऐका. धुराडं आढ्याच्या वर किमान दोन फूट हवं, वर टोपी हवी आणि वळणावर काजळी काढायला झाकण हवं. चुलीचं माप घेताना तुमचा तवा आणि रोजची पातेली समोर ठेवा. भांड्याच्या कडेनं फट राहिली की ऊब गेली. जळण काय वापरता ते आधी सांगा. शेणीची राख जाळीत अडकते, म्हणून जाळीखाली हात जाईल एवढी जागा ठेवायला लावा आणि रोज राख काढा. ढलप्या बारीक फोडा. तोंड गच्च भरू नका, खालून वारा जायला पाहिजे. पावती घ्या. ओळखीच्या माणसावर भरवसा टाकू नका.

आणि पैशाचा शेवटचा हप्ता चूल बसवणाऱ्यासमोर पूर्ण स्वयंपाक होईपर्यंत हातात ठेवा. खिडकी लावून घ्या, त्याला चुलीपाशी बसवा. डोळ्यांत पाणी आलं तर एक रुपया देऊ नका. आम्ही पाइप आमच्या खर्चानं वाढवला, आता धूर वर जातो. तो माणूस मात्र पुढच्या गावात चुली बसवतोय. तुमच्या दारात आला, तर त्याला आधी शिडी द्या आणि कौलावर चढवा.