मार्गदर्शक नेमून मिळतो का?

प्रश्न : मुलीला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. घरात कुणी डॉक्टर नाही. तिला मार्गदर्शन कोण करेल? – एक पालक, पुसद

उत्तर : मार्गदर्शकांच्या यादीत नाव लागले म्हणून कुणी मार्गदर्शक होत नाही, एकत्र काम केल्यानेच ते नाते जुळते. सेवाग्रामच्या 1969 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि शिक्षकही सोबत गावात जातात. आता वैद्यकीय विद्यार्थी गावातली कुटुंबे दत्तक घेतात, त्या कुटुंब दत्तक योजनेमुळे अशी संधी सगळीकडे आहे. प्राध्यापकांना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. पण नेमकी शंका विचारायला दहा मिनिटे पुरतात. पुस्तके, मेस, इंग्रजीची धास्ती यांसाठी वरच्या वर्गातली ताईच बरी. मात्र उदासी टिकली तर मानसोपचार विभागच गाठावा. तेवढे तिला आजच सांगा.