झाड, झरा आणि डोंगर : 'बाल तश्हीत'चा एक पाठ

देवारीमच्या २०व्या अध्यायातील १९वा व २०वा पासुक आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले आहेत. नगराला वेढा घातला आणि तो कितीही दिवस लांबला, तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. फळे खावीत, झाड राखावे. वेढ्याच्या कामाला लाकूड हवेच असेल तर जे झाड फळ देत नाही तेच घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. यावरूनच आपल्या हाखामांनी 'बाल तश्हीत', म्हणजे नासधूस करू नये, हा नियम काढला.

१२व्या शतकात रामबाम यांनी 'मिश्ने तोरा'तील राजांविषयीच्या नियमांत, ६व्या अध्यायात, या नियमाची व्याप्ती सांगितली आहे. केवळ झाडेच नव्हेत. भांडी फोडणे, वस्त्रे फाडणे, इमारत पाडणे, झरा बुजवणे, अन्न वाया घालवणे, हे सारे नासधुशीच्या बुद्धीने केले तर नियमभंगच होय. यातला 'झरा बुजवणे' हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आता मला एका डोंगराची हकिगत सांगायची आहे.

हा डोंगर म्हणजे ओडिशातील नियमगिरी. रायगडा आणि कालाहांडी या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. (हा रायगडा, आपला कोकणातला रायगड नव्हे!) तेथे डोंगरिया कोंध नावाचे आदिवासी राहतात. उतारावर ते नाचणी-वरईसारखी धान्ये, हळद, आले, अननस पिकवतात. डोंगराचा धनी नियमराजा, अशी त्यांची श्रद्धा. माथ्यावरचे रान त्याचे, म्हणून तेथे कुऱ्हाड नेत नाहीत. त्याच माथ्याखाली बॉक्साइट आहे, ॲल्युमिनियमचा कच्चा माल. हा थर पावसाचे पाणी स्पंजासारखा धरून ठेवतो व सावकाश सोडतो. म्हणून तेथले ओढे उन्हाळ्यातही वाहतात. वंशधारा नदीचा उगमही याच डोंगररांगेत आहे.

वेदांत कंपनीने पायथ्याशी लांजिगड येथे कारखाना उभारला. खाणीची परवानगी मात्र अजून मिळायची होती. २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की, खाणीमुळे या लोकांच्या नियमराजाच्या उपासनेला बाध येतो किंवा नाही, याचा विचार त्यांच्या ग्रामसभांनीच करावा. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली १२ गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला. एकही गाव फुटले नाही! जानेवारी २०१४ मध्ये खात्याने प्रस्ताव कायमचा फेटाळला.

एका मलिद्याच्या प्रसंगी मी ही हकिगत सांगितली, तेव्हा एका तरुणाने सरळ विचारले, "काका, डोंगराला देव मानणाऱ्यांकडून आपण काय शिकायचे? ही तर अवोदा जारा."

प्रश्न वाजवी आहे आणि त्याला बगल देऊ नये. आपण एका अदृश्य कर्त्याला मानतो. नियमराजाला आपण नमस्कार करणार नाही. परंतु याच विषयावरच्या मिश्नात (अवोदा जारा, ३:५) असे सांगितले आहे की, इतर लोक डोंगराची पूजा करीत असले तरी डोंगर स्वतः निषिद्ध होत नाही. त्यावर पूजेसाठी मांडलेल्या वस्तू निषिद्ध होतात. माणूस काहीही म्हणो, डोंगर निर्माणकर्त्याचाच राहतो. मग तो राखणाऱ्याचे मोल आपण का मानू नये? शिवाय खडकाचा आदर म्हणजे खडकाची पूजा नव्हे, हे बेने इस्राएलांना कोणी शिकवायला नको. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू हानाबीच्या रथाच्या खुणा मानतात, त्या खडकाशी आपले लोक तु बिश्वातला जात आले. तेथे ब्राखा म्हटली जाते ती मात्र अदोनायचीच.

मला अडचण वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. रामबाम यांनी सवलतही ठेवली आहे: फळझाड दुसऱ्या झाडांची हानी करीत असेल, किंवा त्याच्या लाकडाची किंमत जास्त येत असेल, तर तोडता येते. म्हणजे आपला नियम हिशेबाला वाव देतो. खाणवाला म्हणेल, मी नासधूस कुठे करतो? मी तर मौल्यवान धातू काढतो. केवळ 'बाल तश्हीत'वर बोट ठेवून त्याला गप्प करता येईल असे मला वाटत नाही. कोंधांनी त्या माथ्याचा हिशेब मांडायलाच नकार दिला, आणि म्हणून ते जिंकले. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट वायिक्राच्या २५व्या अध्यायात आहे. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्यापाशी परके व पाहुणे आहात, असे तेथे देव म्हणतो, आणि म्हणून ७व्या वर्षी शेमिता. गेली शेमिता ५७८२ साली (२०२१-२२) झाली. पुढची ५७८९ साली येईल. तिच्यातही पळवाटा काढल्या गेल्या आहेत, त्यांवर पुन्हा कधीतरी लिहीन.

त्या संध्याकाळी त्याच तरुणाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मलिद्याचे पोहे ज्या परातीत कालवले होते ती ॲल्युमिनियमची होती. मी काय बोलणार? परात माझ्या आईची. इकडे येताना सामानात बांधून आणली, काठाला पोचे आले आहेत, पण अजून रोज वापरात आहे.