रजिस्टर जंगलाचं, माहिती कुणाची?



गटाचं रजिस्टर कसं ठेवायचं हे आता आपल्याला कुणी शिकवायला नको. कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता थकला, सगळं बैठकीत वाचून दाखवायचं आणि मगच सह्या करायच्या. न वाचता सही केली तर काय होतं, हेही बऱ्याच जणींना अनुभवाने कळलं आहे. आजचा अभ्यास दुसऱ्या एका रजिस्टरचा आहे. त्यात रुपये-पैसे नाहीत. मोह, चारोळी, तेंदू, रानभाज्या, औषधी मुळ्या आणि वाघ-अस्वल आहेत. त्यातली बरीचशी माहिती आपल्याच आया-सासवांच्या डोक्यातून आलेली आहे किंवा यायची आहे.

आधी शास्त्रज्ञ जंगलाची माहिती कशी गोळा करतात ते बघू. ते झाडाचे गुण मोजतात. पान किती मोठं, किती जाड, वाळल्यावर किती वजनाचं, बी केवढं, लाकूड किती भरीव, पानगळ कधी होते, फुलोरा कधी येतो. आपण वेगळं काय करतो? तेंदूचं पान हाताला लागताच ते कोवळं आहे, तयार आहे की जून झालं, हे तोडणारीला कळतं. सत्तर पानांचा पुडा बांधताना कुणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. कोणत्या मोहाचं फूल आधी पडतं, कोणत्याचं गोड असतं, कोणतं झाड एक वर्ष आड भरतं, हे पहाटे टोपली घेऊन जाणारीला पाठ असतं. फरक एवढाच की शास्त्रज्ञ ते आकड्यात लिहितो, तारीख टाकतो आणि दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवतो.

असे आकडे एकत्र ठेवायला जगात मोठी भांडारं आहेत. जर्मनीतल्या येना शहरातल्या मॅक्स प्लांक संस्थेत २००७ साली 'ट्राय' नावाचं भांडार सुरू झालं. त्यात सुमारे २ लाख ८० हजार प्रकारच्या वनस्पतींच्या एक कोटीहून जास्त नोंदी जमल्या आहेत, आणि २०१९ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. खुलं म्हणजे कुणीही मागावं, फुकट वापरावं. पाऊस लांबला, उन्हाळा वाढला तर कोणती झाडं तगतील, हा हिशोब अशा नोंदींवर करतात. एकट्या माणसाने मोजलेल्या शंभर पानांवरून हे कळत नाही, म्हणून नोंदी वाटून घेण्यात सगळ्यांचाच फायदा आहे. ही गोष्ट चांगली आहे, तिला उगाच घाबरू नये.

दुसरी माहिती जनावरांच्या वंशाची, म्हणजे डीएनएची. लेकरू कुणाचं ते डीएनएवरून ठरतं हे टीव्हीवर पाहिलं असेल. जंगलात वाघाला न पकडताही हे करता येतं. वाटेवर पडलेली विष्ठा, झाडाला घासलेले केस एवढं पुरतं. २०१३ साली मध्य भारतातल्या वाघांचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विष्ठेतल्या डीएनएवरून कळलं की एकमेकांपासून फार लांब असलेल्या जंगलांतल्या वाघांची नाती जुळतात, काही वाघ ६५० किलोमीटरपर्यंत गेलेले असावेत. मधली गावं, वावरं, रस्ते ओलांडून. म्हणजे ताडोब्याचा वाघ ताडोब्यातच राहील असं नाही, हे आपल्याला दिसत होतं, त्याला आता पुरावा आहे. आपल्याच जिल्ह्यात दक्षिणेला कोलामार्काच्या रानम्हशींचंही तसंच. गावच्या म्हशींशी त्यांचा संकर झाला की त्या अस्सल राहिल्या, हे नुसत्या शिंगांवरून ठरत नाही, वंश तपासावा लागतो.

हे आपल्या कामाचं का? मोहफुलाच्या आणि तेंदूच्या दिवसांत आपल्या भागात काय भीती असते ते वेगळं सांगायला नको. हल्ला झाला तर तो कोणत्या वाघाने केला, हे कपड्यावरच्या, जखमेवरच्या लाळेतून आणि केसांतून शोधता येतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत वन्यप्राण्यांचे असे नमुने तपासतात. चुकीचा वाघ पकडला तर खरा मोकळाच राहतो. म्हणून जखमी माणसाला दवाखान्यात नेण्यात एक क्षणही घालवू नका, पण रक्ताचे कपडे धुऊ नका, फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात, कागदात गुंडाळून पंचनाम्याच्या वेळी वनविभागाकडे द्या. घटनेच्या जागेवर गर्दी करू नका.

वंशाच्या माहितीचीही भांडारं आहेत. अमेरिकेतलं जेनबँक १९८२ पासून आहे, आपल्या देशाचं २०२२ साली फरीदाबादला सुरू झालं. इथे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. झाड आपल्या जंगलातलं, त्याचा उपयोग आपल्या आजीने सांगितलेला, पण त्याचा वंश अक्षरांत लिहून भांडारात टाकला की जगातल्या कोणत्याही कंपनीला तो घरबसल्या मिळतो. तिला पानाचा तुकडाही न्यावा लागत नाही. मग मोबदला कुणाला आणि कशाबद्दल द्यायचा? जगातले देश यावर बरीच वर्षं भांडत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'काली निधी' नावाचा एक निधी सुरू झाला. अशी माहिती वापरून कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात पैसे टाकावे आणि त्यातला किमान निम्मा आदिवासी व स्थानिक समाजांपर्यंत जावा असं ठरलं. पण 'टाकावे' असं आहे, 'टाकलेच पाहिजेत' असं नाही. त्यामुळे त्या पैशाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

केरळात काय घडलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ अगस्त्यमलाईच्या डोंगरात गेले. वाट दाखवायला काणी समाजाची माणसं होती. शास्त्रज्ञ चढून थकले, वाटाडे थकत नव्हते. ते मधूनमधून एक बारीक फळ खात होते. विचारलं तर आधी सांगेनात, कारण ते त्यांच्या समाजाचं गुपित होतं. शेवटी सांगितलं. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या सरकारी वनस्पती संशोधन संस्थेने तिच्यापासून 'जीवनी' नावाचं औषध बनवलं आणि १९९५ मध्ये एका औषध कंपनीला १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के अशा बोलीने ते बनवायला दिलं. त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं आणि १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. वाटा देण्याचं हे जगातलं सुरुवातीचं उदाहरण म्हणून सांगतात. पण क्रम बघा. गुपित आधी दिलं गेलं, वाट्याची बोलणी नंतर झाली, आणि पूर्ण समाजाला विचारलंच नव्हतं म्हणून काणींमध्येच नाराजी राहिली. आपल्याला तो क्रम उलटा करायचा आहे.

त्यासाठी कायदा आहे, जैवविविधता कायदा, २००२. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात. ही समिती लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' करते. आपल्या हद्दीतून धंद्यासाठी वनस्पती नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकारही तिला आहे. देशी कंपन्यांनाही वाटा द्यावा लागतो, हे २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. २०२३ च्या दुरुस्तीत मात्र आयुष वैद्यांना आणि ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाला सूट मिळाली. आपलं ज्ञान बहुतेक तोंडी आहे, ग्रंथातलं नाही, हे ध्यानात असू द्या.

आता खरी मेख. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर दंड, असं बजावलं. मग कामाला घाई झाली. देशात अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या झाल्या, पण कितीतरी ठिकाणी त्या बाहेरच्या माणसाने खुर्चीत बसून भरल्या. एका गावच्या नोंदवहीतली यादी दुसऱ्या गावच्या नोंदवहीत उतरली. असली वही कोर्टात उभी राहत नाही आणि शास्त्रज्ञाच्याही कामाची नसते. गटाचं रजिस्टर कुणी असं लिहिलं असतं तर आपण त्याला बैठकीतून उठवलं असतं.

चांगली नोंद कशी होते ते बघायला लांब जायला नको. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने कायदा यायच्या आधीपासून अभ्यास गट चालवले. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही त्या अभ्यासाचा विषय होता. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, ही त्यांची रीत. २००९ साली १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, त्याच्या मागे ही जुनी सवय आहे. आपल्याच तालुक्यात चातगावजवळ शोधग्रामला राहणाऱ्या डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तकही आहे. गडचिरोलीच्या बायांचं झाडांशी असलेलं नातं त्यांनी बायांकडूनच ऐकून लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. राज्य सरकारनेही २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोशाला १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. त्याच्या सात विषयांत वनहक्काची क्षेत्रंही आहेत. तेव्हा कुणी ना कुणी वही-पेन घेऊन आपल्या गावात येणारच.

आलं तर काय सांगायचं आणि काय नाही? आमच्या मते झाड कोणतं, फुलतं कधी, यंदा मोह किती पडला, ही माहिती मोकळेपणाने द्यावी. उलट दरवर्षी तारीख घालून आपणच लिहावी, पाच-दहा वर्षांनी तिला सोन्याचं मोल येतं. दुर्मिळ मुळी नेमकी कुठे सापडते, वाघिणीने पिल्लं कुठे घातली, ती जागा कुणालाही सांगू नये; जाणते शास्त्रज्ञ स्वतःच अशा जागा खुल्या नोंदीतून लपवतात. आणि औषध कसं बनवायचं, किती द्यायचं, कशात मिसळायचं, हे ग्रामसभेत चर्चा होऊन ठराव झाल्याशिवाय नोंदवहीत नको. गुप्त ठेवायच्या माहितीला तसा शेरा मारून घेता येतो. सुईणबाई एकट्या घरात असताना कुणी गोड बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करून नेलं, तर ते ज्ञान गावाच्या हातून गेलं. अभ्यासकाने त्याने काय नेलं, कशासाठी नेलं आणि निष्कर्ष गावाला मराठीत कधी देणार, हे लिहून द्यावं. खरा अभ्यासक याला ना म्हणत नाही.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीआधी दोघीतिघींनी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागा. समितीवर कोणत्या बायांची नावं आहेत ते बघा. कधीकधी ज्यांचं नाव आहे त्यांनाच ठाऊक नसतं. मग रानभाज्यांचं पान बैठकीत मोठ्याने वाचा आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोघींना विचारा, यातल्या आपल्या जंगलात खरंच किती आहेत, आणि लिहायच्या किती राहिल्या.