*बॉनेटखालचं प्लास्टिक आणि घरातला साबण-सोडा : काय चालतं, काय नाही*



रोपलावण आटोपली. चिखलणीला राबलेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आता धुऊन ठेवायची वेळ आहे. ऊस वाहतूक सुरू झाली की यंत्राला उसंत मिळत नाही, म्हणून हे काम आत्ताच होतं. ग्रुपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय : "इंजिनवरचं ऑइल-माती काढायला भांड्याचं लिक्विड, धुण्याचा सोडा, चिमणी क्लीनर वापरला तर आतलं प्लास्टिक खराब होतं का?"

*थोडक्यात उत्तर :* भांड्याच्या लिक्विडनं होत नाही. बाकीच्यांचं मात्र तीन गोष्टींवर ठरतं : औषध कोणतं, इंजिन किती गरम आणि औषध किती वेळ राहिलं. आणखी एक, बऱ्याचदा प्लास्टिक टिकतं आणि त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम किंवा रबर जातं.

🚜 *बॉनेटखाली कोणकोणतं प्लास्टिक असतं?*

सगळं प्लास्टिक एकसारखं नसतं. भागाच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती बघा.

• *पीपी (पॉलिप्रॉपिलीन)* : बॅटरीचा डबा, कूलंटची बाटली, एअर क्लीनरचं घर. हे सगळ्यात सोशिक. साबण, सोडा, बॅटरीचं ॲसिडसुद्धा सोसतं.
• *पीए ६६ (नायलॉन)* : नव्या रेडिएटरच्या टाक्या, बरेचसे वायरिंगचे कपलर. उष्णता आणि तेल छान सोसतं, पण तीव्र ॲसिडपुढे टिकत नाही.
• *पीबीटी* : हेही कपलरमध्ये असतं. गरम आणि तीव्र सोड्यानं हळूहळू ठिसूळ होतं.
• *पीसी (पॉलिकार्बोनेट)* : बऱ्याच नव्या गाड्यांच्या हेडलाइटची 'काच'. ती खरी काच नसते. सोडा, पेट्रोल, थिनर यांनी धुरकट होते, तडकते.

*आता औषधांचे चार गट बघू.*

*१) भांड्याचं लिक्विड, गाडीचा शाम्पू :* सौम्य. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे पुरे. वरच्या सगळ्या प्लास्टिकला चालतं. वेळ लागतो, ब्रश मारावा लागतो, पण नुकसान नाही.

*२) सोड्याची औषधं :* धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि बरेचसे तीव्र चिमणी किंवा ओव्हन क्लीनर. लेबलवर सोडियम हायड्रॉक्साइड किंवा कॉस्टिक लिहिलेलं असेल तर ते इंजिनवर नकोच. पीपीला काही होणार नाही, पण रेडिएटरच्या जाळीचं ॲल्युमिनियम कॉस्टिक अक्षरशः खातं. फेस येतो, काळं पडतं, आणि जाळीचा पत्रा आधीच कागदासारखा पातळ असतो. धुण्याचा सोडा हेच काम सावकाश करतो. म्हणजे नायलॉनची टाकी शाबूत आणि जाळी गळायला लागलेली, अशी गत होते.

*३) रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर :* आपल्याकडची जुनी सवय. लोखंडी गिअरबॉक्सवरचं ग्रीस काढायला पुसण्यापुरतं रॉकेल ठीक. पण रेडिएटरच्या होज पाइपचं रबर गरम पाणी आणि कूलंट सोसायला केलेलं असतं, तेल सोसायला नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि क्लिपजवळ फाटतं. फॅन बेल्ट घसरतो. पेट्रोल आणि थिनर तर बॉनेटखाली आणूच नका, गरम इंजिनवर आग लागते.

*४) संडास क्लीनर, टाइल्सचं ॲसिड :* यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नायलॉनला घातक, ॲल्युमिनियमला घातक, आणि लोखंडावर लगेच गंज. अजिबात नको. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र तर कधीच करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

🌱 *गरम इंजिनवर का नको?*

हे आपल्याला पिकावरून कळेल. २ टक्के युरियाची फवारणी सकाळी केली तर पान हिरवं होतं. तीच दुप्पट कडक करून भर उन्हात मारली तर पान करपतं. औषध तेच, फरक प्रमाणाचा आणि वेळेचा. इंजिनचंही तसंच. चालून आलेल्या इंजिनमधलं पाणी ८०-९० अंशांवर असतं. त्यावर औषध पडलं की पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं औषध अनेक पट कडक होतं. उष्णतेनं त्याची झीज करायची गतीही वाढते.

प्लास्टिकचं नुकसान बऱ्याचदा त्याच दिवशी दिसत नाही. बोल्टच्या भोवती, क्लिपच्या कानाशी, जिथे प्लास्टिक ताणात असतं तिथे आधी बारीक रेघ पडते. पुढे कधीतरी हादऱ्यात ते मोडतं, आणि ते बहुतेक भरल्या ट्रॉलीसकट रस्त्यातच.

उलटंही लक्षात घ्या. धुतल्यावर कपलर मोडला म्हणजे साबणानंच मोडला असं नाही. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लास्टिक आपोआप ठिसूळ होतं. त्यावर वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा बसला किंवा हिसका दिला की तुटतं. जुन्या यंत्राला हात हलका लावा.

✅ *धुण्याची पद्धत*

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हात टेकवता आला पाहिजे.
२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर क्लीनरचं तोंड, अल्टरनेटर आणि कपलर प्लास्टिक पिशवीनं बांधा.
३. वाळलेला चिखल आणि काडीकचरा आधी कोरडाच काढा. लाकडी काडी आणि ब्रश वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको.
४. लिक्विडचं पाणी ब्रशनं लावा. ५ ते १० मिनिटांत धुऊन टाका, अंगावर वाळू देऊ नका. लय तेलकट असेल तर औषध कडक करण्यापेक्षा दोनदा धुवा.
५. रेडिएटरला पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेर जाईल असं, कमी जोरानं मारा. जोराच्या फवाऱ्यानं जाळीचे पत्रे वाकतात आणि हवा अडते.
६. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्यानं निघतो. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.
७. पिशव्या काढा, फडक्यानं पुसा, उन्हात वाळवा आणि मगच वायर जोडून इंजिन सुरू करा.

दुकानातून डिग्रीजर आणलाच, तर लेबलवर ॲल्युमिनियमला चालतो असं आहे का ते वाचा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडा लावून १० मिनिटं बघा. रंग उडाला, चिकट लागलं किंवा पांढरट झालं तर तिथेच थांबा.

❌ *दोन गोष्टी नक्की टाळा*

*पाठीवरच्या फवारणी पंपानं डिग्रीजर मारू नका.* पंपात सोड्याचा अंश राहिला तर मॅलॅथिऑन, डायमिथोएट यांसारखी कीटकनाशकं त्यात लवकर निकामी होतात. मग फवारणी होऊनही कीड तशीच राहते, आणि आपण औषधाला नावं ठेवतो. यंत्र धुवायला वेगळा जुना ब्रश आणि बादली ठेवा.

*वेदगंगेत, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर यंत्र धुऊ नका.* ऑइलचा तवंग वाहत खाली जातो. खालच्या गावांची जनावरं आणि पिकं त्याच पाण्यावर आहेत. बांधापासून लांब, मुरमाड जागेवर धुवा. सांडलेलं ऑइल आधी भुशानं किंवा राखेनं टिपून घ्या.

सोड्याचं कोणतंही औषध हाताळताना रबरी मोजे आणि चष्मा घाला. डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

📌 *या आठवड्याचं काम :* बॉनेट उघडा. होज पाइप दाबून बघा. फुगलेला किंवा मऊ लागला तर आत्ताच बदलून घ्या. कपलरचे कान आणि रेडिएटरची टाकी जिथे जाळीला जोडली आहे तिथे भेग आहे का ते बघा. शंका आली तर फोटो काढून ग्रुपवर टाका. घरात आधीच आणलेल्या बाटलीचा प्रश्न असेल तर तिच्या *मागच्या* लेबलचा फोटो टाका, पुढच्याचा नको. काय घातलंय ते मागेच लिहिलेलं असतं.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा.

— कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, गारगोटी