मोरचूद किती, पाणी किती?

एका पावसाळ्यात आम्ही आमच्या पोफळींवर बोर्डो मिश्रण वेळेवर फवारले, तरी आषाढात कोवळ्या सुपाऱ्या कुजून झाडांखाली सडा पडला. दोष आम्ही मोरचुदाला दिला. पुढे हिशेब मांडून पाहिला, तेव्हा चूक आमचीच निघाली.

आम्ही १ किलो मोरचूद विरघळवून द्रावण १० लिटर केले होते. म्हणजे ते १० टक्क्यांचे. कोळेरोगासाठी १ टक्का मिश्रण लागते, म्हणून त्यातले १ लिटर घेऊन पाणी घालून १० लिटर केले. आधीचे टक्के गुणिले आधीचे लिटर, म्हणजे १० × १ = १०; नंतरचे १ × १० = १०. इथवर गणित बरोबर. पाणी घातल्याने मोरचूद वाढत नाही की घटत नाही, ते पसरते एवढेच. पण मग हे सगळे आम्ही १० लिटर चुन्याच्या पाण्यात ओतले. माप झाले २० लिटर, मोरचूद मात्र तेच १०० ग्रॅम. १० ला २० ने भागा : उरला अर्धा टक्का! चुन्याचे पाणी हेही पाणीच, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

तेव्हा हिशेब शेवटच्या मापापासून मागे करावा. १० लिटर मिश्रण हवे तर साठ्यातले १ लिटर घ्यावे व पाणी घालून ५ लिटर करावे. (५ लिटर पाणी घालू नये, तसे केल्यास ६ लिटर होतात.) १०० ग्रॅम कळीचा चुना विझवून, गाळून, त्याचेही ५ लिटर करावे. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतून ढवळत राहावे. पंप १६ लिटरचा असल्यास साठा १.६ लिटर, चुना १६० ग्रॅम, आणि दोन्ही पाणी आठ-आठ लिटर.

भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. चकचकीत सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

मोरचुदाचा साठा घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावा. उघडा राहिला तर पाणी उडून टक्का वाढतो आणि सगळा हिशेब फसतो. शिवाय हे निळे पाणी मुलांना सरबत वाटते व ते विषारी आहे. कॅनवर ठळक लिहून तो कुलपात ठेवावा.

पहिली फवारणी पाऊस लागण्यापूर्वी, दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप पाहून करावी.