घाटाखालच्या गावी नेण्याचा फोन



कृषी सहायक म्हणून आंबोली घाटाच्या पायथ्याच्या गावी रुजू होण्याआधी माझ्या भाच्याला नवा फोन घ्यायचा आहे आणि त्याने विचारार्थ पाठवलेल्या यादीत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, रॅम आणि किंमत यांखेरीज काही नाही. ज्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो त्याच्या कुशीत राहून ज्याला पंचनाम्याचे फोटो शेताच्या बांधावरून पाठवायचे आहेत, त्याने फोनविषयी आधी दोनच गोष्टी पाहाव्यात: तो रेंज किती धरतो आणि किती पावसाळे काढतो. दुकानात पहिल्या गुणाबद्दल सहसा कोणी बोलतच नाही. वस्तुतः हे दोन्ही गुण एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एक ढासळला की दुसराही फार काळ तग धरत नाही.

रेंज म्हणजे टॉवरकडून निघालेली रेडिओलहर फोनपर्यंत किती शक्तीनिशी पोहोचते याचे माप होय. पडद्यावरच्या दांड्यांवर त्यासाठी विसंबून राहू नये, कारण कोणत्या पातळीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. २०१० साली आयफोन ४ बाजारात आला तेव्हा अँटेना पोलादी चौकटीतच असल्यामुळे हात विशिष्ट जागी पडताच रेंज घसरते अशा तक्रारी झाल्या, आणि २ जुलै रोजी अॅपलने जाहीर पत्र काढून दांड्या मोजण्याचे सूत्रच चुकीचे असल्याचे व अनेक ठिकाणी दोन दांड्या जास्त दिसत असल्याचे मान्य केले. खरे माप ‘डीबीएम’ या एककात असते. बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमची माहिती उघडली की ‘सिग्नल स्ट्रेंथ’पुढे तो आकडा उणे चिन्हासह दिसतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. फोरजीवर उणे ८५ ला काम निर्वेध चालते, उणे ११५ ला बोलणे तुटू लागते. येथे दर १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक असल्याने या दोन आकड्यांत हजारपटीचे अंतर आहे. दोन हँडसेटांतला कोणता रेंज अधिक धरतो हे ठरवायचे असेल, तर एकच सिम पाळीपाळीने दोहोंत घालून, एकाच ओट्यावर बसून हा आकडा पाहावा.

त्याबरोबर बँड, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा पट्टा, हेही पाहिले पाहिजे. भारतात फोरजी ८५० ते २३०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या निरनिराळ्या पट्ट्यांत मुख्यतः चालते, तर फाइव्हजीचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे. वारंवारता कमी तशी लहर लांब (९०० मेगाहर्ट्झला सुमारे ३३ सेंटिमीटर, ३५०० ला जेमतेम साडेआठ), आणि लांब लहर डोंगराच्या कडेवरून काहीशी वळते व जांभ्याच्या भिंतीतूनही थोडीफार आत येते. आखूड लहरीला ते जमत नाही आणि पत्र्याचे छप्पर तर दोन्ही परतवून लावते. म्हणून नातेवाइकाने परदेशातून आणलेला हँडसेट स्वीकारण्यापूर्वी त्यात इथले, विशेषतः खालचे, बँड आहेत याची खात्री करावी. पावसाने रेंज जाते हा समज मात्र बराचसा चुकीचा आहे, कारण या वारंवारतांना पावसाच्या थेंबांची बाधा नगण्य असते. पावसाळ्यात खरे तर वीज जाऊन टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात किंवा दरड कोसळून केबल तुटते, आणि अशा वेळी फोन बदलून काही उपयोग नसतो.

आता टिकाऊपणाकडे वळावे, आणि त्याचा उगम पुन्हा रेंजमध्येच आहे. टॉवर जवळ असताना फोन अगदी क्षीण शक्तीने बोलतो, पण टॉवर दूर गेला की तीच शक्ती तो सुमारे २०० मिलिवॉटपर्यंत वाढवतो. त्यातून बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतके घातक दुसरे काही नाही. अशी बॅटरी पूर्ण चार्जिंगच्या सुमारे ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते असा साधारण हिशोब धरतात, आणि दिवसातून दोनदा चार्ज करावा लागणारा, सदैव तापलेला फोन ही मर्यादा वर्षभरात गाठू शकतो. म्हणून जिथे फाइव्हजी येते-जाते तिथे फोन फोरजीवरच ठेवावा, म्हणजे तो सतत शोधाशोध करत नाही. खोलीवर ब्रॉडबँड असल्यास वायफाय कॉलिंग सुरू करावे. आणि रेंज अजिबात नसलेल्या शिवारात विमान मोड लावावा.

अशा उष्णतेने फुगलेली बॅटरी मागचे झाकण उचलते आणि त्याबरोबर पाणी अडवणारा चिकट थर सुटतो. जाहिरातीत ‘आयपी ६८’ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला अंक धुळीपासूनच्या व दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. दुसऱ्या जागी ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ असेल तर कंपनी सांगेल त्या खोलीत व वेळेत. पण ही चाचणी नव्या फोनाची आणि गोड्या, स्थिर पाण्यातली असते. तो थर कालांतराने झिजतो, वेंगुर्ल्याच्या समुद्राचे खारे पाणी चार्जिंगच्या पिनांना गंज चढवते, आणि आत पाणी गेल्यास बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवण्याची रीत सोडावी, कारण त्याचा कोंडा आणि कण पोर्टमध्ये शिरतात. पोर्ट खाली करून हलकेच थोपटावे, वाऱ्यावर सुकू द्यावे, आणि ओल जाईपर्यंत चार्जरला हात लावू नये.

डिस्प्ले किंवा बॅटरी बदलून आणलेल्या फोनची रेंज अचानक मंदावली, तर दोष टॉवरचा धरू नये. अनेक फोनांत खालच्या पट्टीवरची अँटेना मुख्य बोर्डाला एका बारीक वायरने जोडलेली असते आणि तिचे मुगाच्या दाण्याहून लहान टोक घाईत नीट बसवले नाही, की पाच-दहा डीबीएम सहज जातात. म्हणून फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी व घेतल्यावर, दोन्ही वेळा तो आकडा पाहून ठेवावा. धातूच्या चौकटीवर जागोजागी दिसणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक रेघा म्हणजे अँटेनाच्या फटी आहेत. त्यांवर धातूची पट्टी असलेले कव्हर येऊ देऊ नये, साधे रबरी कव्हर पुरते.

हँडसेट ठरवण्याआधी गावातल्या दोघातिघांना तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते ते विचारावे आणि दुसरे सिम त्या कंपनीचे घ्यावे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक वहीत टिपून ठेवावा. फोन हरवला तर तो बंद करण्यासाठी लागतो.