रेल्वे प्रवासाचे लॉयल्टी पॉइंट : खरेदी कितपत किफायतशीर?

वाहतूक सेवेचा ग्राहक आपल्याकडेच टिकून राहावा, यासाठी सेवा देणाऱ्या संस्था त्याला प्रत्येक प्रवासाबद्दल काही 'पॉइंट' देतात. पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात विनामूल्य तिकीट मिळते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अशी योजना सुरू केल्यानंतर ही पद्धत विमान वाहतुकीत रुजली आणि पुढे रेल्वेनेही ती स्वीकारली. आता काही संस्था हे पॉइंट रोख पैसे घेऊन विकतातही. जे प्रवास करून मिळवायचे, तेच पैसे मोजून घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते का? प्रश्न छोटा दिसतो. पण पैशाची कार्ये, संधी-खर्च, किंमत-भेद, लेखापालन आणि सार्वजनिक सेवेतील समन्याय अशा अनेक संकल्पनांचा उलगडा त्यातून होतो.

अमेरिकेतील उदाहरण

अमेरिकेत १९७० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय रेल्वे प्रवासी महामंडळ स्थापन झाले आणि १ मे १९७१ पासून 'अ‍ॅमट्रॅक' या नावाने त्याच्या गाड्या धावू लागल्या. महामंडळाला संघराज्य शासनाकडून अनुदान मिळते. 'अ‍ॅमट्रॅक गेस्ट रिवॉर्ड्स' या त्याच्या योजनेत भाड्याच्या प्रत्येक डॉलरमागे सर्वसाधारणपणे २ पॉइंट मिळतात, वरच्या वर्गासाठी काही जादा पॉइंट असतात, आणि पॉइंट विकत घेण्याचीही सोय आहे.

या योजनेत जानेवारी २०१६ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. त्यापूर्वी देशाचे विभाग पाडलेले होते व एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्यासाठी ठरावीक पॉइंट लागत. तिकीट कितीही महाग असले तरी पॉइंटची संख्या तीच राही. त्यामुळे लांब पल्ल्याच्या शयनयानाचा महागडा प्रवास थोड्या पॉइंटमध्ये साधणे जाणकारांना शक्य होते. नव्या पद्धतीत लागणारे पॉइंट त्या दिवसाच्या भाड्याशी जोडले गेले. परिणामी पॉइंटचे मूल्य बरेचसे स्थिर झाले, परंतु अनपेक्षित मोठ्या लाभाची शक्यता मावळली. पॉइंटचे मूल्य देणाऱ्या संस्थेच्या निर्णयावर अवलंबून असते, हा यातील पहिला धडा होय.

हिशेब कसा मांडावा?

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एका तिकिटाचे भाडे १०० डॉलर असून तेच तिकीट ४,००० पॉइंटमध्ये मिळते, असे मानू. म्हणजे एका पॉइंटचे दर्शनी मूल्य २.५ सेंट झाले. पॉइंटचा विक्रीदर ३.५ सेंट असेल, तर ४,००० पॉइंटसाठी १४० डॉलर मोजावे लागतील. शंभराच्या तिकिटाला एकशे चाळीस देणे उघडच तोट्याचे आहे.

परंतु हिशेब येथे संपत नाही. रोख पैसे देऊन तिकीट काढणाऱ्यास १०० डॉलरवर २०० नवे पॉइंट मिळतात व त्यांचे मूल्य ५ डॉलर होते. पॉइंट देऊन काढलेल्या तिकिटावर नवे पॉइंट मिळत नाहीत. म्हणजे रोखीच्या तिकिटाचा खरा खर्च ९५ डॉलरच होय. यावरून ४,००० पॉइंटची खरी किंमत ९५ डॉलर, म्हणजेच एका पॉइंटची सुमारे २.३८ सेंट ठरते. एक पर्याय निवडल्याने दुसऱ्याचा जो लाभ हातचा जातो, त्यालाच अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. पॉइंट 'फुकट' वाटतात, कारण हा खर्च पावतीवर दिसत नाही.

आता सवलतीच्या काळाचा विचार करू. खरेदीवर ३० टक्के जादा पॉइंट देऊ केले, तर प्रत्येक पॉइंट सुमारे २.६९ सेंटला पडतो. तोटा कमी झाला, पण टळला नाही. जादा पॉइंट ५० टक्के असतील, तर दर सुमारे २.३३ सेंट होतो आणि खरेदी प्रथमच फायद्याची ठरते. मात्र ४,००० पॉइंटमागे हा फायदा जेमतेम पावणेदोन डॉलरचा आहे. तेवढ्यासाठी आज पैसे गुंतवायचे, त्यावरील व्याज सोडायचे आणि उद्या नियम बदलण्याची जोखीम पत्करायची, हा व्यवहार क्वचितच शहाणपणाचा म्हणता येईल.

थोडे पॉइंट कमी पडत असतील तर?

खरेदीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा : एखाद्याजवळ ३,६०० पॉइंट आहेत आणि ४०० कमी पडतात, मग ५०० पॉइंट साडेसतरा डॉलरला घेऊन शंभराचे तिकीट मिळवण्यात गैर काय? या युक्तिवादात जवळचे ३,६०० पॉइंट शून्य किमतीचे धरले जातात. वस्तुतः ते पुढील प्रवासासाठी राखून ठेवता येतात व त्यांचे मूल्य सुमारे ८६ डॉलर आहे. ते जमेस धरले, तर हे तिकीट १०० डॉलरहून थोडे अधिकच पडते. रोखीचे तिकीट मात्र ९५ डॉलरला होते.

तेच पॉइंट मुदत संपून लवकरच बाद होणार असतील व दुसरा प्रवास नजरेत नसेल, तर चित्र पालटते. तेव्हा ते अन्यथा वाया जाणारच असल्याने साडेसतरा डॉलर खर्चून ९५ डॉलरचा खर्च वाचतो. तात्पर्य, खरेदीचा निर्णय जाहिरातीवर नव्हे, तर तीन गोष्टींवर घ्यावा : प्रवास निश्चित ठरला आहे का, त्याच दिवसाचे रोख भाडे किती आहे, आणि जवळचे पॉइंट राखता येतात की बाद होणार आहेत.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे

पैसा हा विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे परिमाण आणि मूल्यसंचयाचे साधन असतो. लॉयल्टी पॉइंट ही कार्ये अर्धवटच पार पाडतात. ते एका संस्थेकडे व तिच्या भागीदारांकडेच चालतात, त्यांचा दर तीच संस्था ठरवते, आणि मुदत संपल्यास ते नाहीसे होतात. त्यांच्यावर व्याजही मिळत नाही. पॉइंट विकत घेणारा ग्राहक एका अर्थी संस्थेला बिनव्याजी आगाऊ रक्कम देत असतो.

लेखापालनातही हेच तत्त्व मान्य झाले आहे. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११५ नुसार, ग्राहकाला ठोस हक्क देणाऱ्या पॉइंटच्या वाट्याची रक्कम लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. ती दायित्व म्हणून नोंदवून, पॉइंट वापरले गेल्यावर किंवा बाद झाल्यावर उत्पन्नात घ्यावी लागते. जे पॉइंट ग्राहक कधीच वापरणार नाहीत, असा अंदाज असतो, त्यांस 'ब्रेकेज' ही संज्ञा आहे. ग्राहकाचे विस्मरण हे संस्थेचे उत्पन्न ठरते, ते असे.

भारतीय संदर्भ

भारतात लॉयल्टी पॉइंटचा संबंध मुख्यतः सहनाममुद्रित क्रेडिट कार्डांशी येतो. भारतीय रेल्वे खानपान व पर्यटन महामंडळाची स्थापना १९९९ मध्ये झाली आणि २००२ मध्ये त्याने इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीसह त्याने २०२० मध्ये रुपे कार्ड आणले. अशा कार्डावर वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवरील पॉइंट हे मुख्य आकर्षण असते. कार्डाचे वार्षिक शुल्क ही येथे पॉइंटची अप्रत्यक्ष खरेदीच होय. शुल्क करासह ५९० रुपये आणि परतावा भाड्याच्या १० टक्के मानला, तर वर्षाला किमान ५,९०० रुपयांचा पात्र प्रवास झाल्याशिवाय शुल्कही भरून निघत नाही. थकबाकीवर व्याज चढू दिले, तर सारा लाभ पुसला जातो.

यापेक्षा मोठा प्रश्न समन्यायाचा आहे. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांत मागणीनुसार वाढणारे भाडे लागू झाले. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबवण्यात आली. तोपर्यंत ती पुरुषांना ४० व महिलांना ५० टक्के होती. सवलत ही वय, आजार वा अपंगत्व पाहून दिली जाते. ते सामाजिक धोरण आहे. पॉइंट मात्र खर्च पाहून मिळतात. ते वाणिज्य धोरण आहे. अनारक्षित डब्यातून रोज प्रवास करणाऱ्या मजुराला व क्रेडिट कार्ड नसलेल्या शेतकऱ्याला त्यातून काहीच लाभत नाही. रिकाम्या आसनांवर दिलेले पॉइंटचे तिकीट रेल्वेला जवळजवळ विनाखर्च पडते. पण भरलेल्या गाडीत तेच आसन दुसऱ्या प्रवाशाला नाकारून द्यावे लागते. प्रतीक्षायादी लांब असलेल्या देशात अशा योजनांची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

सारांश, नियमित दराने पॉइंट विकत घेणे सामान्यतः किफायतशीर नाही. मोठी सवलत, निश्चित ठरलेला प्रवास आणि बाद होऊ घातलेले पॉइंट अशा मोजक्या परिस्थितीतच ते योग्य ठरते. प्रवास करताना आपोआप मिळणारे पॉइंट अवश्य घ्यावेत. पण पॉइंटसाठी प्रवास अथवा खर्च वाढवू नये.

सरावासाठी प्रश्न

१. लॉयल्टी पॉइंट पैशाची कोणती कार्ये पूर्णपणे पार पाडू शकत नाहीत? सकारण स्पष्ट करा.
२. एक पॉइंट ३ सेंटला विकला जातो व त्यावर २० टक्के जादा पॉइंट मिळतात. त्याचा प्रत्यक्ष दर काढा आणि २.३८ सेंट या मूल्याशी तुलना करा.
३. 'भाडेसवलत व लॉयल्टी पॉइंट यांची उद्दिष्टे भिन्न आहेत.' भारतीय रेल्वेच्या संदर्भात चर्चा करा.